मातीच्या सिंहासनावरचं सोनं

दसरा सरला की जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर इथल्या बाजारांत रस्त्याच्या कडेला दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची चित्रं मांडली जातात. गवळण, वासुदेव, तोफ, वाघ, भालदार, घोडेस्वार आणि सगळ्यांच्या मधोमध सिंहासनावर बसलेले महाराज. मुलं आधी महाराजच उचलतात. त्या चित्रातला सर्वांत मोठा रंगाचा भाग म्हणजे सिंहासन, आणि ते रंगवलेलं असतं डब्यातल्या एकाच सोनेरी रंगानं, पाठीपासून पायांपर्यंत एकसारखं. हातात घेऊन पाहिलं तर तो रंग चमकतो. किल्ल्यावर ठेवून चार पावलं मागं सरलं की चमक विरते आणि समोर मळकट पिवळी माती उरते. अंगरख्याचा लाल लालच दिसतो, मंदिलाचा पांढरा पांढराच दिसतो, फक्त सोनं सोन्यासारखं दिसत नाही. हे असं का होतं आणि त्यावर घरच्या घरी काय करता येतं, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे.

विषय लहान वाटेल. पण ज्या तालुक्यांत ही पुस्तिका लिहिली आहे तिथं दिवाळीचा किल्ला ही लहान गोष्ट नव्हे. जुन्नरच्या मुलाला किल्ला पुस्तकात बघावा लागत नाही. शिवनेरी गावाच्या डोक्यावर उभा आहे. चावंड, हडसर, जीवधन, निमगिरी, सिंदोळा, नारायणगड हे सगळे याच तालुक्यात. त्यामुळं इथल्या अंगणांत कल्पनेतला गड उभा राहत नाही. जीवधन केला तर शेजारी वानरलिंगीचा सुळका हवाच, आणि तो नसेल तर शेजारचा पोरगाही चूक काढतो. दगड, पोती, चिखल, वर पेरलेली मोहरी किंवा हळीव यांबाबत इतकी काटेकोर असणारी मुलं चित्रांच्या रंगाबाबत मात्र बाजारात मिळेल ते घेतात. ही काटेकोर नजर चित्रांपर्यंत पोहोचावी असं मला मनापासून वाटतं.

त्याआधी चित्रं रंगवणाऱ्यांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कुंभारवाड्यातल्या कारागिराला सोनं रंगवता येत नाही, असं अजिबात नाही. गणपती गेल्यावर दिवाळीपर्यंत हाताशी थोडेच आठवडे असतात, त्यात शेकड्यांनी चित्रं साच्यातून काढायची, वाळवायची, रंगवायची. एका सिंहासनाला चार छटा द्यायच्या तर तेवढ्या वेळात दहा चित्रं हातावेगळी होतात, आणि घेणारा तर पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. एका हातात सोनेरीचा कुंचला घेऊन ओळीनं फिरवत जाणं हा त्या भावाला परवडणारा एकमेव मार्ग आहे. म्हणून माझं सांगणं असं की चित्र घासाघीस न करता घ्या, शक्य असेल तर न रंगवलेलं मागून घ्या, आणि सोन्यावरचा तास-दीड तास तुम्ही द्या.

आता सोनं दिसतं कसं, ते. त्यासाठी लांब जायला नको. कुकडीकाठच्या ओझरला विघ्नहराच्या देवळावर सोनेरी कळस आहे. वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी तो चढवला, असं परंपरा सांगते. दर्शन झाल्यावर प्रांगणात थांबून त्या कळसाकडे पाच मिनिटं फक्त रंगांसाठी पाहावं. पहिल्यांदा लक्षात येतं ते हे की त्यात पिवळा फार थोडा आहे. वरच्या फुगीर भागावर आभाळ उतरलेलं असतं, तिथं रंग फिकट, जवळजवळ दुधी. त्याच्या खाली एक गडद पट्टा येतो, कारण तिथं क्षितिजाकडची झाडं नि घरं उमटलेली असतात. पट्ट्याच्याही खाली, पोटाच्या वळणावर, खालून उसळलेल्या उजेडाचा तांबूस रंग परत येतो. आणि एखाद्या जागी सूर्य स्वतः उमटतो, तो ठिपका पांढरा. ज्याला आपण सहज ‘सोनेरी’ म्हणतो तो मधला रंग या सगळ्यांच्या सांध्यांवर पातळसा पसरलेला असतो. सकाळी हे पट्टे एका जागी असतात, दुपारी दुसऱ्या, आणि दिवस मावळताना सगळा कळस तांब्याकडे झुकतो. गडद आणि फिकट इतक्या जवळ-जवळ नांदतात म्हणून डोळा म्हणतो, हा धातू.

याचं कारण धातूच्या स्वभावात आहे. मातीच्या रंगवलेल्या रांजणावर ऊन पडलं तर त्याचा रंग सगळीकडून साधारण सारखाच दिसतो, कारण माती उजेड चहूकडे उधळते. त्या रांजणाला झिलई असेल तर वर एक पांढरा ठिपका चमकतो, पण तो ठिपका उजेडाच्या रंगाचा असतो, रांजणाच्या नव्हे. धातू उजेड उधळत नाही, आरशाप्रमाणं परत फेकतो, आणि सोनं तर परत फेकताना त्यातला निळा भाग स्वतःकडे ठेवून घेतं. म्हणून सोन्यावरची चमकसुद्धा पिवळसर असते. फक्त अति प्रखर जागी डोळा दिपून ती पांढरी दिसते. आणखी एक गंमत आहे, ती घरात पितळी तांब्या चिंचेनं लख्ख घासून तपासता येईल. तांब्याच्या बाहेरचा रंग पिवळा, पण आत डोकावलं तर तो नारिंगी-तांबूस दिसतो. आतल्या आत उजेड एका भिंतीवरून दुसरीवर आपटतो आणि प्रत्येक आपटीला थोडा निळा-हिरवा गमावून तांबडा होत जातो. सोन्याच्या बाबतीत हा फरक पितळेपेक्षाही अधिक. सिंहासनाच्या बाहीखाली, छत्राच्या आतल्या घडीत, तुऱ्याच्या खाचेत सावली काळी करू नये, ती तांबूस तपकिरी करावी, या नियमाचं मूळ इथं आहे.

मग प्रश्न उरतो की चित्रात सोनं दाखवायला सोनं वापरावं की रंग. हा वाद फार जुना आहे आणि दोन्ही बाजू मोठ्या आहेत. दख्खनच्या लघुचित्रकारांनी खरं सोनं वापरलं: वर्ख डिंकात खलून त्याचा रंग करायचा, कुंचल्यानं लावायचा आणि वाळल्यावर अकीकाच्या गुळगुळीत दगडानं घोटायचा. तंजावरला भोसल्यांच्या दरबारी, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, जी चित्रशैली बहरली तिच्यात चुन्यासारख्या लेपानं दागिने उठावाचे करून त्यावर सोन्याचा पत्रा चिकटवत आणि काचेचे खडे बसवत. देवघराच्या अंधारात समई लावली की ते सोनं जिवंत होतं. ते चित्र दिवसाउजेडी पांढऱ्या भिंतीवर टांगलं की सोनं सपाट होतं, कधी कधी काळंही दिसतं. तो दोष चित्रकाराचा नाही; त्यानं चित्र समईसाठी केलं होतं.

दुसरी बाजू इटलीच्या आल्बेर्तीनं 1435 साली मांडली. चित्रकलेवरच्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो की सोन्याची झळाळी साध्या रंगांनी दाखवण्यात चित्रकाराचं कसब अधिक. त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी हॉलंडमध्ये काढलेलं सोनेरी शिरस्त्राणवाल्या माणसाचं चित्र आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. ते दीर्घ काळ रेम्ब्रांटचं मानलं जाई. 1980च्या दशकातल्या तपासणीनंतर ते त्याच्या वर्तुळातल्या दुसऱ्या कुणाचं ठरलं. कुणाचंही असो, त्या शिरस्त्राणात जाड लावलेला फिकट पिवळा, मातकट पिवळा आणि खोल तपकिरी यांनीच नक्षीदार सोनं उभं केलंय. आपल्याकडे हीच विद्या राजा रविवर्म्यांनी पैठणीच्या जरीसाठी नि नथीसाठी वापरली. त्यांचा छापखाना 1894 मध्ये घाटकोपरला निघाला आणि पुढं याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळच्या मळवलीला आला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर पोचल्या आणि रंगानं केलेलं सोनं ओळखायला अख्खा महाराष्ट्र शिकला. काही घरांत त्याच तसबिरींवर हौसेनं खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या गेल्या, म्हणजे दोन्ही बाजू एकाच चौकटीत आल्या.

आज हा वाद सर्वांत जोरात चालतो तो टेबलावरच्या युद्धखेळांच्या बाहुल्या रंगवणाऱ्यांमध्ये. इंग्लंडच्या ‘वॉरहॅमर’ खेळातले योद्धे जेमतेम सव्वा इंच उंचीचे. त्यांची चिलखतं रंगवायला एक गट चमकीचा रंग घेतो आणि त्यावर छटा चढवतो. दुसरा गट चमकीला हात न लावता साध्या रंगांनी धातूचा भास उभा करतो. या पद्धतीला ‘नॉन मेटॅलिक मेटल’ म्हणतात. पुण्या-मुंबईतली काही तरुण मुलं या छंदात गुंतलेली आहेत. त्यांना घरचं दिवाळीचं चित्र या कलेचाच भाग आहे हे सांगितलं पाहिजे. त्यांच्याकडे तंत्र आहे आणि आपल्या अंगणात विषय आहे.

मी या वादात किल्ल्यापुरती बाजू घेतो, आणि ती पणतीमुळं घेतो. काचेच्या कपाटात ठेवलेल्या चित्रावर उजेड एकाच दिशेनं येतो, पाहणारा समोर उभा असतो. तिथं निव्वळ रंगानं केलेलं सोनं अजोड दिसतं. दिवाळीचा किल्ला मात्र जमिनीवर असतो, तो वरून पाहतात, चहूबाजूंनी फिरून पाहतात, आणि संध्याकाळी त्याच्या बुरुजांवर पणत्या लागतात. पणतीचा उजेड खालून नि बाजूनं येतो आणि हलतो. चमकीचा कण त्या हलण्याला उत्तर देतो. रंगवलेली चमक जागच्या जागी राहते. वरून पडलेल्या उन्हाचा पांढरा ठिपका खांद्यावर रंगवून ठेवला आणि पणती पायाशी लावली, तर सोनं खोटं पडतं. नारायणगावच्या तमाशा फडांनी हे पिढ्यानपिढ्या ओळखलं आहे. वगातल्या राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा नि बेगडीचा, पण मंचावरच्या दिव्यांत राजानं मान वळवली की तो शेवटच्या रांगेपर्यंत राजाचाच वाटतो. तमाशातल्या विठाबाईंच्या गावात राहून बेगडीला कमी लेखणं मला जमणार नाही.

पण नुसती चमकी का हरते, तेही सांगायला हवं. सोनेरी रंगात पितळेच्या भुकटीचे किंवा रंगीत अभ्रकाचे बारीक कण असतात. चित्र अडीच-तीन इंचांचं केलं म्हणून कण लहान होत नाहीत. माणसाच्या उंचीच्या हिशेबात ते खडबडीत वाळूएवढे होतात. प्रत्येक कण वेगळ्या कोनात पडलेला, म्हणून आरशासारखं प्रतिबिंब उमटतच नाही, सगळीकडे एकसारखी धूसर चमक पसरते. त्यात साच्यातून निघालेल्या चित्राच्या कडा बोथट आणि खाचा रंगानं बुजलेल्या, म्हणजे सावलीलाही जागा नाही. ओझरच्या कळसावर ज्या गडद पट्ट्यानं सोनं सिद्ध होतं, तो पट्टा इथं हरवलेला असतो. तेव्हा चमकी राहू द्यावी आणि गडद रंग हातानं परत आणावा, हा या पुस्तिकेचा मार्ग.

कृती पुढच्या पानांत सविस्तर आहे. इथं तिचा कणा तेवढा देतो. प्लास्टर आणि कच्ची माती रंग पितात, म्हणून आधी पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात द्यायचा. वाळल्यावर सिंहासनाला पूर्ण गडद तपकिरी, म्हणजे बर्न्ट अंबरमध्ये किंचित तांबडी काव मिसळून. पहिल्यांदा रंगवणाऱ्याचा धीर इथं सुटतो, कारण समोर सोन्याऐवजी गुळाची ढेप दिसते. धीर धरावा. त्यावर सोनेरी रंग, पण सगळीकडे नाही: खाचा आणि खालच्या बाजू मोकळ्या सोडून. मग बर्न्ट सिएना भरपूर पाण्यात पातळ करून सोनेरीच्या खालच्या काठावर ओढायचा, म्हणजे तपकिरी आणि सोनेरी यांच्यात तो तांबूस दुवा तयार होतो. मग सोनेरीत थोडा रुपेरी मिसळून फक्त वरच्या कडांना, आणि शेवटी, अगदी शेवटी, सिंहासनाच्या मस्तकाच्या शिखरावर नि त्याच्या हातांच्या टोकांना हस्तिदंती रंगाचा एकेक ठिपका. शून्य-शून्य क्रमांकाचा कुंचला पुरतो. पोस्टर कलर वापरू नयेत. वरचा ओला थर खालच्याला उकलतो आणि चार छटांचा एक चिखल होतो. अॅक्रिलिकच घ्यावेत. दांडेकरांनी 1931 मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे अॅक्रिलिक आता तालुक्याच्या स्टेशनरी दुकानातही मिळतात, आणि या कामाला ते पुरेसे आहेत. परदेशी बाटल्यांवाचून काही अडत नाही.

एक सूचना इथंच, कारण ती बहुतेकांना सुचत नाही. शेवटचा व्हार्निशचा हात चित्रभर एकच देऊ नये. मॅट व्हार्निशनं चमकी मरते आणि चकचकीत व्हार्निशनं मावळ्याचं घोंगडं प्लास्टिकचं दिसू लागतं. सोन्यावर चकचकीत, कापडावर नि कातडीवर मॅट. शेजारी निस्तेज कापड असेल तरच सोनं उजळतं.

आता सोनं कुठं असावं. माझ्या लेखी हा प्रश्न तंत्रापेक्षा मोठा आहे. बाजारातल्या चित्रांत सोनेरी रंग उरला की तो मावळ्याच्या कमरबंदाला, तोफेच्या तोंडाला, भालदाराच्या जोड्यांनाही लागतो. सगळीकडे सोनं झालं की महाराजांच्या सिंहासनाचं काही राहत नाही. डोंगरदऱ्यांतून आलेल्या मावळ्याजवळ सोनं नव्हतं. त्याची तलवार लोखंडाची, ढाल कातड्याची, अंगावर जाडंभरडं कापड. त्याला तसंच रंगवणं हा त्याचा मान आहे. तोफेला ओतीव धातूचा काळपट रंग हवा. उलट सिंहासनाजवळ आपण सोनं कमीच दाखवतो. सभासदानं 1697 च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत बत्तीस मण सोन्याचं सिंहासन सांगितलं आहे. आणि 6 जून 1674 ला रायगडावर हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलानं सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना मुलामा दिलेल्या भाल्यांच्या टोकांवर लावलेली राजचिन्हं नोंदवली आहेत: उजवीकडे मोठ्या दातांच्या सोन्याच्या माशांची दोन मस्तकं, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका मौल्यवान भाल्याच्या टोकाला समतोल टांगलेला सोन्याचा तराजू, न्यायाचं चिन्ह म्हणून. बाजारातल्या एकाही चित्रात मी हा तराजू पाहिलेला नाही. बारीक तांब्याची तार, टाचणी आणि पत्र्याच्या दोन टिकल्या यांतून तो तासाभरात होतो. ज्या मुलानं तो केला त्याला राज्याभिषेकाचा अर्थ वेगळा समजवावा लागणार नाही. म्हणून पुस्तिकेतलं सर्वांत लांब प्रकरण या राजचिन्हांवर आहे आणि ते कुणाला पाल्हाळ वाटलं तरी मी छाटलेलं नाही.

याच राज्याभिषेकाच्या निमित्तानं सोन्याचा शिवराई होन पाडला गेला. त्याचं वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, रुंदी सव्वा सेंटिमीटरच्या जवळपास. तीन इंची चित्राच्या मापात तो होन अर्ध्या मिलिमीटरचा होतो, म्हणजे कुंचल्याच्या टोकाचा एक स्पर्श. होनांची रास दाखवायची असेल तर एकेक होन रंगवू नये. मोहरीच्या दाण्यांवर तपकिरी द्यावा आणि कोरड्या कुंचल्यानं वरून फक्त सोनेरी घासावा.

नवं सोनं साधलं की जुनं सोनं करून पाहावंसं वाटतं. त्याचा धडा देवघरातल्या टाकांवर मिळतो. आंबेगाव तालुक्यात धामणीला म्हाळसाकांत खंडोबाचं ठाणं आहे आणि या भागातल्या कितीतरी घरांत घोड्यावरच्या खंडोबाचा दोन बोटांचा टाक पुजला जातो, कुठं चांदीचा, कुठं पितळेचा. आपल्या चित्राएवढाच त्याचा आकार. पिढ्यानपिढ्या धुतल्यानं, पुसल्यानं घोड्याची मान आणि देवाचा खांदा झिजून गुळगुळीत झालेला असतो. तेच सर्वांत उजळ. लगामाच्या नि खोगिराच्या खाचांत जुनी हळद, तेल आणि धूर मिळून काळसर थर बसलेला. कारागिरानं उठवलेली नक्षी आणि हातांनी केलेली झीज यांतून तो उजेड-अंधार तयार झालाय. चित्रातल्या तलवारीची मूठ रंगवायची तर हेच करावं: जिथं तळहात घासतो तिथं उजळ, नक्षीच्या तळाशी काळपट तपकिरी. मुठीवर हे साधलं की तिची तलवार वापरातली दिसते. पाटलाच्या वाड्यातली समई, देवळातली घंटा, आजीच्या डब्यातली जोडवी, जे सापडेल ते निरखावं. हातात घेतलेला जुना धातू छापील चित्रापेक्षा जास्त शिकवतो, कारण तो फिरवून पाहता येतो.

दोन धोके सांगून थांबतो. सुटी सोनेरी भुकटी म्हणजे पितळेचं पीठ असतं, ते उडतं आणि श्वासात जातं. लहान मुलांच्या हाती ती देऊ नये, तयार बाटलीतला रंगच द्यावा. शिवाय पितळेचा रंग काही वर्षांत हवेनं हिरवट-काळा पडतो, अभ्रकाचा टिकतो. बाटलीवर नाव वाचून घ्यावं, आणि चित्र पुढच्या दिवाळीसाठी जपायचं असेल तर अभ्रकाचाच निवडावा. दुसरं, जुन्या चित्रकलेच्या पुस्तकांत सोन्याच्या खालचा हात म्हणून हरताळ सुचवलेला आढळतो. हरताळात सोमल आहे. त्याच्या वाटेला जाऊ नये; पिवडी तेच काम निर्धोकपणे करते.

आणि पहिल्याच दिवशी सिंहासनाला हात घालू नका. एखादा तुटका भालदार घ्या, त्याच्या हातातल्या भाल्याचं टोक रंगवा. तपकिरी, सोनेरी, बर्न्ट सिएना, हस्तिदंती, याच क्रमानं. ते जमलं की तलवारीची मूठ, मग मंदिलाचा तुरा, मग छत्राची झालर. सिंहासन त्यानंतर.